हवेची बंदूक आणि नाकारलेली हुंडी

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सर्वांनी हाताळलेली असते. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची की काम झाले. त्या बंदुकीच्या पोटात स्प्रिंग असते आणि हवा दाबायचे काम तीच करते. पण हवेच्या बंदुकीची आणखी एक जात आहे. तिच्यात हवा आधीच एका बाटलीत ठासून भरावी लागते, आणि तीही हातपंपाने. लहानपणी सायकलच्या चाकात हवा भरताना पहिले वीस हात कसे हसतखेळत जायचे आणि शेवटचे दहा खांद्यात कसे यायचे ते आठवा. जसजसा आतला दाब वाढतो, तसतसा पंप भारी होत जातो. म्हणून अशी बंदूक निवडणाऱ्याने नेमबाजीच्या आधी तीन साधे प्रश्न विचारावेत. बाटली केवढी आहे? एकदा भरली की किती बार निघतात? आणि भरलेली हवा आत टिकते का?

हे प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीही होते. ते ज्याच्यापुढे होते, तो माणूस म्हणजे मेरिवेदर लुईस. अमेरिकेतली शाळकरी मुलेसुद्धा लुईस आणि क्लार्क ही जोडनावे एका दमात घेतात. अर्धे खंड ओलांडून पॅसिफिक महासागरापर्यंत जाऊन परत आलेली ही जोडी. त्यातल्या लुईसचे आयुष्य मला त्याच्या बंदुकीच्या बाजूने पाहावेसे वाटते.

त्याचा जन्म १७७४ सालचा, व्हर्जिनियातला. पाच वर्षांचा असताना वडील गेले. आई ल्यूसी झाडपाल्याची औषधे देणारी खंबीर बाई; वनस्पतींची ओळख त्याला तिच्याकडूनच मिळाली. विशीत तो सैन्यात गेला, कॅप्टन झाला, आणि १८०१ साली राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी त्याला आपला खासगी चिटणीस म्हणून बोलावून घेतले. दोन वर्षांनी मिसूरी नदीच्या उगमापर्यंत आणि पुढे समुद्रापर्यंत वाट शोधायची मोहीम त्याच्याकडे आली. काँग्रेसने मंजूर केले होते २,५०० डॉलर. (प्रत्यक्ष खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. अंदाजपत्रक आणि खर्च यांचे नाते सगळ्या देशांत सारखेच दिसते.)

लुईसने फिलाडेल्फियात जी खरेदी केली ती पाहून कोणत्याही हिशेबी माणसाला त्याचे कौतुक वाटेल. बंदुकीची दारू त्याने शिशाच्या डब्यांत भरून घेतली. असे ५२ डबे. दारू पाण्यापासून सुरक्षित राहायची, आणि डबा रिकामा झाला की तोच वितळवून गोळ्या ओतायच्या. एका डब्यात जेवढी दारू, तेवढीला पुरतील एवढ्याच गोळ्यांचे शिसे त्या डब्यात. आमच्या शाखेत असा एखादा भांडारपाल असता तर आमची लेखापरीक्षणे किती सुखाची झाली असती!

हवेची बंदूक मात्र सरकारी खरेदीच्या यादीत दिसत नाही. ती बहुधा त्याने स्वतःच्या पैशांनी घेतली असावी. ती कोणत्या बनावटीची यावर पुष्कळ वाद झाला. आज बहुतेक अभ्यासक तिला जिरार्डोनी बनावटीची मानतात. बार्तोलोमेओ जिरार्डोनी हा आल्प्समधला कारागीर. त्याने घडवलेली ही बंदूक ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास घेतली होती. बंदुकीचा दस्ता म्हणजेच हवेची लोखंडी बाटली. ती पिळून काढायची, पंपावर बसवायची, पंपाचा दांडा पायांखाली दाबून धरायचा आणि बाटली दोन्ही हातांनी खालीवर करायची. बाटली पूर्ण भरायला सुमारे दीड हजार वेळा! मोटारीच्या टायरात बाहेरच्या हवेच्या दोन-अडीच पट दाब असतो. इथे पन्नास पटींच्या वर. नळीच्या कडेला गोळ्यांची पन्हळ. बंदूक जरा उभी करून अंगठ्याने खटका दाबला की पुढची गोळी जागेवर. एरवीच्या बंदुकीत बाराला दारू ठासायची, गज फिरवायचा, त्यात अर्धे मिनिट जायचे. इथे धूर नाही, ठिणगी नाही, आवाजही बेताचा. १८०३ च्या सप्टेंबरात वाटेत भेटलेल्या टॉमस रॉडनी नावाच्या न्यायाधीशाने ती पाहिली आणि एका भरण्यात बावीस बार निघतात अशी नोंद करून ठेवली.

मग ऑस्ट्रियाच्या सैन्याने ती पुढे टाकून का दिली? कारण तेच, सायकलवाल्याचे. पंप मारण्यात माणूस दमायचा, बाटल्या घडवणे महाग आणि जिकिरीचे होते, कातडी वायसर सुकले की हवा गळायची. शिवाय प्रत्येक बारागणिक दाब उतरत जायचा.

या बंदुकीने लुईसच्या रोजनिशीची सुरुवातच अपघाताने झाली. १८०३ च्या ऑगस्टअखेर पिट्सबर्गहून नाव सुटली आणि तीन मैलांवरच्या बेटाशी थांबली. जमलेल्यांना बंदूक दाखवावी म्हणून लुईसने स्वतः पंचावन्न यार्डांवर सात बार काढले. नंतर ती एका गृहस्थाच्या हाती दिली आणि त्याच्याकडून ती चुकून उडाली. चाळीस यार्डांवरची एक बाई कपाळातून रक्त येऊन कोसळली. ती मेलीच असे सगळ्यांना वाटले. सुदैवाने गोळी चाटून गेली होती.

पुढे या बंदुकीचा उपयोग झाला तो शिकारीसाठी किंवा लढाईसाठी नव्हे, तर दाखवण्यासाठी. नवी टोळी भेटली की भाषण, भेटवस्तू, पदके आणि मग हवेच्या बंदुकीचे बार. ३० ऑगस्ट १८०४ रोजी यँक्टन लोकांपुढे ती उडवली. १७ ऑगस्ट १८०५ चा प्रसंग जास्त नाजूक होता. समोर रॉकी पर्वत, आणि घोडे फक्त शोशोनी लोकांकडे. घोडे मिळाले नाहीत तर मोहीम तिथेच संपणार होती. सुदैवाने टोळीचा नायक कॅमेआवेट हा मोहिमेबरोबरच्या साकागविया या तरुण बाईचा भाऊ निघाला. त्या दिवशी भावाबहिणीची भेट झाली, बोलणी झाली आणि बंदूकही उडाली. पाहणाऱ्यांनी ती अद्भुतच मानली. घोडे मिळाले.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बार पाहणाऱ्यांना अशी बंदूक एकच आहे हे कळायला मार्ग नव्हता. दीड हजार वेळा पंप मारण्याचे काम आधीच कुठेतरी आडोशाला उरकलेले असणार. तीस-चाळीस माणसांच्या हातांत अशाच बंदुका असतील असा समज झाला असेल तर तो लुईसच्या सोयीचाच होता. मी बँकेत तीसेक वर्षे काढली. पत म्हणजे काय ते मला यापेक्षा चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही. खिडकीवर दिसते त्यापेक्षा मागे पुष्कळ आहे, असे खातेदाराला वाटते तोवर सगळे सुरळीत. अर्थात, ज्यांच्यापुढे हा सौम्य धाक घातला गेला, त्यांच्या जमिनी पुढच्या पिढ्यांत गेल्या, हेही विसरून चालणार नाही.

लुईसला यंत्रांचा सोसच होता. १८०५ च्या जूनमध्ये बंदुकीची मुख्य स्प्रिंग बिघडली ती जॉन शील्ड्स या लोहारकाम जाणणाऱ्या शिपायाने बदलून दिली. पण त्याच सुमारास लुईसची लाडकी घडीची लोखंडी नाव मात्र बुडाली. सांगाड्यावर कातडी ताणली होती. शिवणी बुजवायला डांबर करावे तर आसपास पाइनची झाडेच नव्हती. जुलैत नाव पाण्यात सोडली आणि ती गळू लागली.

२३ सप्टेंबर १८०६ रोजी मंडळी सेंट लुईसला परतली. सव्वादोन वर्षांहून अधिक काळ, आठ हजार मैल, आणि आजाराने दगावलेला एकच माणूस. लुईस बत्तीस वर्षांचा. देशभर मेजवान्या झडल्या. जेफरसननी त्याला लुइझियाना प्रांताचा गव्हर्नर केले. त्याच्या आयुष्यातली चूक कुठली असेल तर ही नेमणूक, असे मला वाटते. जंगलात शिशाच्या डब्यांचा हिशेब चोख ठेवणारा माणूस कचेरीत गोंधळला. रोजनिशांचे पुस्तक त्याच्या हातून झाले नाही, लग्न जमले नाही, मद्य वाढले, हिवतापाने आणि मनाच्या काळोखाने त्याला घेरले.

आणि मग हुंड्या परत येऊ लागल्या. गव्हर्नरने सरकारच्या नावे हुंडी काढायची आणि वॉशिंग्टनने ती वटवायची, अशी पद्धत होती. कायद्यांच्या भाषांतराच्या खर्चाची १८ डॉलर ७० सेंटची एक हुंडी नाकारली गेली. १८०९ च्या जुलैत युद्धखात्याने ५०० डॉलरची दुसरी नाकारली. मँडन टोळीचा प्रमुख शेहेके हा मोहिमेबरोबर जेफरसनना भेटायला आला होता. त्याला घरी पोचवण्याचा १८०७ चा प्रयत्न हल्ल्यामुळे फसला होता. म्हणून लुईसने एका फर कंपनीशी ७,००० डॉलरचा करार केला आणि वाटेतल्या भेटींसाठी वर ५०० दिले. ते ५०० सरकारला मान्य नव्हते, म्हणजे ते आता त्याच्या अंगावर आले.

मी स्वतः नाकारलेल्या हुंड्यांवर शेरे मारलेले आहेत. रक्कम किती हे कोणी पाहत नाही. परत आली एवढेच गावभर होते. सेंट लुईसमध्ये तेच झाले. सगळे सावकार एकाच आठवड्यात दारात उभे राहिल्यासारखी त्याची स्थिती झाली. आपल्या जमिनी त्याने देणेकऱ्यांकडे लावल्या आणि ४ सप्टेंबर १८०९ रोजी कागदपत्रांच्या पेट्या घेऊन वॉशिंग्टनला समक्ष खुलासा करायला निघाला. वाटेत आईच्या नावे मृत्युपत्र केले. आजाराने आणि खचलेल्या मनाने त्याला किल्ल्यावर काही दिवस पहाऱ्यात ठेवावे लागले. ११ ऑक्टोबरच्या पहाटे टेनेसीतल्या एका एकाकी धर्मशाळेत दोन गोळ्या लागून त्याचा अंत झाला. जेफरसन आणि क्लार्क या दोघांनीही तो आत्मघात मानला. खून झाला असे म्हणणारे आजही आहेत. वय अवघे पस्तीस.

लुईस त्या पेट्या घेऊन मिसिसिपीतून खाली चालला होता, त्याच सप्टेंबरात वर मिसूरीच्या काठी शेहेके आपल्या गावी सुखरूप पोचला.