आनंदीबाई आणि बाळंतिणीची खोली

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतले की सातासमुद्रापलीकडून वैद्यकाची पदवी मिळवणारी तरुणी डोळ्यांपुढे उभी राहते. त्या पदवीच्या मुळाशी मात्र एक बाळंतपण होते.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली, कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांची पत्नी झाली आणि आनंदी हे नाव तिला मिळाले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. योग्य उपचारांअभावी तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. या दुःखातूनच तिला वैद्यक शिकण्याची ओढ लागली.

त्या काळी बाळंतपण ही घरातली, बायकांची बाब होती. अंधारी खोली, बाज, शेकशेगडी, उशाशी सुईण आणि दाराबाहेर सोयर. पुणे-कल्याणपासून ग्वाल्हेरच्या दाना ओलीपर्यंत मराठी माणूस जिथे वसला, तिथे घरच्या बाळंतपणाची ही रीत त्याच्यासोबत गेली. गोमंतकात तिची सूत्रे वैजिणीच्या हाती असत. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय विद्यालय होते. तरी गावोगावच्या गर्भवतींना वैजीणच जवळची वाटे.

याला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. इस्पितळात डॉक्टर पुरुष असे आणि परपुरुषाच्या हाती देह सोपवण्यापेक्षा स्त्रिया वेदना सोसणे पत्करत. इस्पितळाचे भयही अगदीच निराधार नव्हते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सुइणींच्या कक्षापेक्षा डॉक्टरांच्या कक्षात सूतिकाज्वराने अधिक माता दगावत. डॉक्टरांच्या अस्वच्छ हातांतूनच रोग पसरतो, हे सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये ओळखले. पण त्यांचे म्हणणे मान्य व्हायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेतही तेव्हा बहुतेक बाळंतपणे घरीच होत.

आनंदीबाईंनी दुखणे नेमके ओळखले होते. १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या महाविद्यालयातील भाषणात त्यांनी परदेशी जाण्याचे कारण सांगितले. स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास संकोचतात आणि युरोप-अमेरिकेतून आलेल्या डॉक्टर स्त्रिया भाषेने व चालीरीतींनी परक्या असल्याने इथल्या बायकांना त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही, असा त्यांचा आशय होता. आपल्या माणसांतली, आपली भाषा बोलणारी डॉक्टर हवी, हे त्यांचे उत्तर होते. वय होते सतरा.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. थंडी, आहाराचे हाल आणि बळावत जाणारे आजारपण सोसत ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. नवे शास्त्र शिकताना घरची परंपरा त्यांनी अडगळीत टाकली नाही; ती अभ्यासली.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्री-कक्षाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. परंतु क्षयाने पोखरलेला देह घेऊनच त्या मायदेशी परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. कोल्हापूरच्या त्या कक्षात त्या कधीच रुजू झाल्या नाहीत. पुढे त्याच इस्पितळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केले, तर डॉ. रखमाबाईंनी सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांसाठी आयुष्य वेचले.

आजही दुर्गम पाड्यावरची एखादी स्त्री घरीच बाळंत होते, तेव्हा वाट आणि खर्च यांचा विचार होतो. तो व्हायलाच हवा. पण त्या दाराआड आपल्याशी आपल्या भाषेत, मायेने बोलणारे कुणी भेटेल का, हा तिच्या मनातला प्रश्नही तितकाच खरा असतो. सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी तो भर सभेत मांडला होता.