अनाथांचे गुरुजी

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत योहान हाइन्रिख पेस्टालॉझी हे नाव आदराने घेतले जाते. परंतु ह्या थोर शिक्षकाने चालवलेल्या संस्था एकामागून एक बंद पडल्या, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे १२ जानेवारी १७४६ रोजी झाला. ते पाच वर्षांचे असताना वडील वारले. आईने व बाबेली नावाच्या विश्वासू मोलकरणीने घर सांभाळले. आजोबा खेड्यात पाळक होते. त्यांच्याबरोबर गोरगरिबांच्या घरी जाताना हाइन्रिखने दारिद्र्य जवळून पाहिले. पुढे त्यांनी शेती केली, ती फसली. १७७४ साली गरीब मुलांना घरी आणून सूतकताईबरोबर लिहावाचायला शिकवू लागले. १७८० साली कर्जापायी तेही थांबले.

सप्टेंबर १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने स्टान्स गावी व आसपास मोठी कत्तल केली. पोरक्या झालेल्या मुलांसाठी सरकारने पेस्टालॉझींना पाठवले. जानेवारी १७९९ मध्ये मठाच्या अर्धवट दुरुस्त झालेल्या इमारतीत काम सुरू झाले. मुले सुमारे ऐंशी. अंगावर चिंध्या, कातडीला खरूज, डोळ्यांत भीती. मदतीला घरकाम करणारी एकच बाई. गावकरी रोमन कॅथलिक, पेस्टालॉझी प्रॉटेस्टंट आणि त्यातून सरकारचे माणूस. त्यामुळे त्यांच्यावर कोणाचा विश्वास नव्हता.

पुस्तके नव्हती, साधने नव्हती. त्यांनी धड्यांच्या आधी मुलांचे मन जिंकायला घेतले. ते मुलांबरोबर जेवत, आजाऱ्यांच्या उशाशी बसत, रात्री सर्वांच्या शेवटी निजत आणि पहाटे सर्वांच्या आधी उठत. हळूहळू भीती गेली, आणि मुले अंथरुणात पडल्यापडल्याही शिकवा म्हणून मागे लागली. येणारे मूल न येणाऱ्याला शिकवू लागले. हट्टी मुलाला ते प्रसंगी चापटही मारीत. हे त्यांनी लपवले नाही. परंतु तो हात रात्रंदिवस जवळ असणाऱ्याचा होता. वर्गापुरते भेटणाऱ्या मास्तरांना छडीची मोकळीक त्यांनी दिली नाही.

अशात आल्टडॉर्फ गाव जळाले. तेथील काही पोरकी मुले आणली, तर अन्न कमी मिळेल व काम वाढेल, हे त्यांनी मुलांपुढे स्पष्ट मांडले. मुलांनी आनंदाने होकार दिला. तो धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता.

जूनमध्ये इमारत सैनिकी इस्पितळासाठी घेतली गेली. जेमतेम पाच महिन्यांत सारे संपले.

पुढे बुर्गडॉर्फ येथे व १८०५ पासून इव्हर्दों येथील किल्ल्यात त्यांची शाळा नावारूपाला आली. देशोदेशींचे लोक ती पाहायला येत. बालोद्यानाचे जनक फ्रोबेल तेथे दोन वर्षे राहून शिकले. आता इमारत होती, शिक्षक होते, कीर्ती होती. परंतु शिक्षकांतच तट पडले. १८१५ साली पत्नी आन्ना वारल्या आणि भांडणे विकोपाला गेली. म्हाताऱ्या गुरुजींना ती मिटवता आली नाहीत. १८२५ साली शाळा बंद झाली. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग येथे ते वारले. बिर गावी शाळेला लागूनच त्यांना पुरले.

स्टान्सला काही नव्हते, पण जिव्हाळा होता. म्हणून मुले शिकली. इव्हर्दोंला सर्व होते, पण मोठ्यांची मने दुभंगली आणि शाळा बुडाली. आपल्या शाळेला काय कमी आहे हे मोजताना, वाचकहो, हे आधी पाहावे.