सालीचं कडं काढलं अन् झाडातली वाट सापडली: मार्चेल्लो माल्पिगी यांची गोष्ट

डाळिंबाची गुटी बांधताना काय करतात, हे बागायतदाराला सांगायला नको. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरची बोटभर साल चाकूनं गोल काढायची, ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. काही आठवड्यांनी आतून पांढरी मुळं दिसायला लागतात. पण नीट बघितलं तर मुळं फुटतात ती कापाच्या शेंड्याकडच्या कडेला. बुंध्याकडची कड तशीच कोरडी राहते.

असं का, याचं उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डॉक्टरांनी शोधलं. त्यांचं नाव मार्चेल्लो माल्पिगी. झाडाचं खोड आतून कसं असतं, हे भिंगाखाली पहिल्यांदा पद्धतशीर बघणाऱ्या दोघांपैकी ते एक. आणि या माणसाच्या आयुष्याला शेवटपर्यंत चिकटलं होतं ते एक बांधाचं भांडण.

बांधाचा वाद

माल्पिगी यांचा जन्म १० मार्च १६२८ चा, बोलोन्या शहराजवळच्या क्रेवालकोरे गावातला. घरी जमीन होती, खाऊन-पिऊन सुखी कुटुंब. शेजारी स्बाराल्या नावाचं घराणं. या दोन घरांचा जमिनीच्या हद्दीवरून वाद होता, आणि तो कमी न होता वाढतच गेला. १६४९ साली आई-वडील दोघंही वारले. मार्चेल्लो थोरले, वय जेमतेम एकवीस. शिक्षण अर्धवट सोडून घरचं बघावं लागलं. पुन्हा बोलोन्याला जाऊन १६५३ मध्ये ते डॉक्टर झाले.

पुढं पिसा शहरात तीन वर्षं शिकवून १६५९ ला ते परतले. त्याच वर्षी त्यांचा भाऊ बार्तोलोमेओ याच्या हातून स्बाराल्या घरातल्या मुलाचा खून झाला. एका हद्दीपायी माणूस गेला. त्याच घराण्यातला दुसरा एक जण, जिरोलामो स्बाराल्या, पुढं बोलोन्यातच वैद्यकाचा प्राध्यापक झाला आणि माल्पिगींच्या कामाचा जन्मभराचा विरोधक बनला.

माल्पिगी मात्र भिंगात डोळा घालून बसले होते. १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात त्यांना केसाहून बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. रोहिणीतलं रक्त शिरेत जातं कुठून, हे कोडं त्यानं सुटलं. डॉक्टर मंडळी त्यांना ओळखतात ते यासाठी. शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट यानंतर सुरू होते.

मोडलेली फांदी

१६६२ ते १६६६ अशी चार वर्षं ते सिसिली बेटावरच्या मेस्सिना शहरात होते. तिथं एका बागेत फिरताना चेस्टनटच्या झाडाची मोडलेली फांदी त्यांना दिसली. मोडलेल्या जागेतून एक धागा बाहेर आला होता. भिंगातून बघितलं तर त्यात पेनातल्या स्प्रिंगसारखे वेटोळे. केळीच्या पानाचा दांडा मोडून हळूच ओढला की कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम धागे लांबत जातात, ते याच जातीचे. लाकडातल्या नळ्यांना आतून असं वेटोळ्यांचं अस्तर असतं. त्यामुळं नळी आत चेपत नाही. रबरी पाइपात तारेची स्प्रिंग घालतात, तसंच.

याच नळ्यांबाबत माल्पिगींची गफलतही झाली, आणि ती मोठी होती. १६६९ मध्ये त्यांचं रेशीमकिड्यावरचं पुस्तक आलं. किड्याच्या अंगात श्वासाच्या नळ्या असतात आणि त्यांनाही तसलेच वेटोळे असतात. मग झाडातल्या नळ्याही हवेच्याच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. खरं तर त्या पाण्याच्या नळ्या. शाळेच्या पुस्तकात त्यांना जलवाहिनी म्हणतात. मुळानं ओढलेलं पाणी त्यातूनच वर पानापर्यंत चढतं.

पण खोडाच्या थरांची मांडणी त्यांनी नीट टिपली. सगळ्यात बाहेर पातळ पापुद्रा, त्याच्या आत साल, मग लाकूड, मधोमध भेंड. हे सगळं बारीक पिशव्या आणि उभ्या तंतूंनी विणलेलं. आज त्या पिशव्यांना पेशी म्हणतात, आणि एकसारखं काम करणाऱ्या पेशींच्या गटाला ऊती. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात रिकामे कप्पे दाखवले होतेच. माल्पिगींनी मूळ, खोड, पान, कळी, बी असं सगळं झाड उघडून बघितलं.

मग आला सालीच्या कड्याचा प्रयोग. जित्या फांदीची साल त्यांनी गोल काढली, आतलं लाकूड तसंच ठेवलं. फांदी वाळली नाही. काही दिवसांनी कापाच्या वरची कड फुगली, खालची नाही. त्यांनी अर्थ लावला तो असा: कच्चा रस वर जातो, पानात तो शिजतो आणि तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं. वाट कापली की अन्न तिथंच तुंबतं. अन्न नेणाऱ्या सालीतल्या नळ्या, म्हणजे रसवाहिनी, प्रत्यक्ष दिसायला १८३७ साल उजाडावं लागलं. जर्मनीच्या थिओडोर हार्टिग यांनी त्या शोधल्या. पण वाट कुठून जाते, हे माल्पिगींनी चाकूनंच दाखवून दिलं होतं.

गुटीला मुळं शेंड्याकडच्या कडेला का, ते यातच आलं. पाणी लाकडातून चढतच राहतं, म्हणून फांदी हिरवी. पानातून येणारं अन्न आणि मूळ फुटायला लागणारे पदार्थ कापाशी अडतात, तिथंच मुळं सुटतात. द्राक्षबागेत गर्डलिंग करतात तेही हेच, अन्न खाली न जाता घडाला मिळावं म्हणून. उसाला मात्र हा प्रकार चालायचा नाही. उसाच्या कांडीत पाण्याच्या आणि अन्नाच्या नळ्या जुड्या-जुड्यांनी सगळीकडं विखुरलेल्या असतात. सोलून काढावी अशी वेगळी साल तिथं नसतेच. आणि कडं मोठ्या झाडाच्या बुंध्यालाच काढलं तर? मुळांना अन्न मिळत नाही, झाड उभ्यानं वाळतं.

शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठीही माल्पिगींनी चितारल्या. किड्यांमुळं पानांवर गाठी येतात, तशाच या असतील असं त्यांना वाटलं. हरभरा-सोयाबीनच्या या गाठीत हवेतला नत्र धरणारे जिवाणू असतात, हे कळायला पुढं दोनशे वर्षं गेली.

या कामाचा पहिला मसुदा त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवला. ७ डिसेंबर १६७१ रोजी तो तिथं पोचला, आणि त्याच बैठकीत नेहेमाया ग्रू या इंग्रज डॉक्टरांचं याच विषयावरचं छापील पुस्तकही समोर आलं. दोघांनी एकमेकांना न विचारता एकच काम केलं होतं! तरी भांडण झालं नाही. दोघंही एकमेकांचं वाचत पुढं काम करत राहिले. माल्पिगींचा मोठा ग्रंथ सोसायटीनं १६७५ आणि १६७९ असा दोन भागांत छापला.

हे लंडनला गेलं, ते बरंच झालं म्हणायचं. १६८४ मध्ये माल्पिगींच्या घराला आग लागली. सूक्ष्मदर्शकं गेली, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं जळाली. झाडांची चित्रं तेवढी लंडनमध्ये होती. ती आजही तिथं आहेत.

१६८९ मध्ये जिरोलामो स्बाराल्यानं पुस्तक काढून सरळ सवाल केला: असल्या बारीक चिरफाडीनं रोगी बरा होतो का? माल्पिगींनी लांबलचक उत्तर लिहिलं. १६९१ ला पोपनी त्यांना स्वतःचे वैद्य म्हणून रोमला बोलावलं. तब्येत साथ देत नव्हती. १६९४ मध्ये पत्नी फ्रान्चेस्का गेल्या, आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला झटका येऊन माल्पिगीही गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या इच्छेप्रमाणं डॉक्टरांनी त्यांच्या देहाचीही चिरफाड करून बघितली, मग देह बोलोन्याला नेला. स्बाराल्याला दिलेलं उत्तर छापून आलं १६९७ मध्ये, ते गेल्यावर तीन वर्षांनी.