शेतातील वाफ्यांपासून संकेतांपर्यंत : राजचंद्र बोस

दुकानातल्या गल्ल्याजवळ चिकटवलेला क्यूआर कोड थोडा मळलेला असला, तरी मोबाइल तो अचूक वाचतो. या चौकोनात त्याच्या स्वरूपाची माहिती १५ अंकांत नोंदलेली असते. त्यांपैकी खरी माहिती अवघ्या ५ अंकांची. उरलेले १० अंक चूक ओळखून ती दुरुस्त करण्यासाठी असतात. त्यामुळे १५ पैकी कोणतेही ३ अंक बिघडले तरी मूळ माहिती हाती लागते. ज्या संकेतरचनेमुळे हे साधते, तिला जगभर 'बीसीएच' म्हणतात. यातील 'बी' म्हणजे बोस. गणितज्ञ राजचंद्र बोस.

बोस यांचा जन्म १९ जून १९०१ रोजी होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम येथे झाला. वडील डॉक्टर होते. बालपण रोहतकमध्ये गेले. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने आईला हिरावून नेले आणि पुढच्याच वर्षी वडिलांचेही छत्र हरपले. पाच भावंडांत थोरल्या असलेल्या या मुलाने शिष्यवृत्ती आणि शिकवण्यांच्या आधारे दिल्लीत शिक्षण चालू ठेवले. पुढे कोलकात्यात शुद्ध गणितात त्यांनी दुसरी एम.ए. पदवी मिळवली. तेथे भूमितीतज्ज्ञ श्यामदास मुखोपाध्याय यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९३० मध्ये ते आशुतोष महाविद्यालयात अध्यापक झाले. शिकवण्याच्या भारातून संशोधनासाठी जेमतेम वेळ उरत असे.

डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्या आयुष्याला अनपेक्षित वळण मिळाले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी त्यांना नव्यानेच स्थापन झालेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अर्धवेळ काम देऊ केले. बोस यांना सांख्यिकीचा गंधही नव्हता. परंतु महालनोबीस यांना हवी होती ती त्यांची भूमितीची दृष्टी. तिशी ओलांडलेल्या बोस यांनी नवा विषय मुळापासून शिकायला घेतला. जर्मनीतील नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेले फ्रीडरिश लेव्ही कोलकाता विद्यापीठात आले आणि त्यांच्या सहवासात बोस यांना सांत क्षेत्रांच्या बीजगणिताची गोडी लागली. मोजक्याच संख्यांच्या या बंदिस्त अंकगणिताने पुढे त्यांना आयुष्यभर साथ दिली.

त्या काळी सांख्यिकीपुढचा मोठा प्रश्न शेतीचा होता. पिकाच्या अनेक वाणांची तुलना करायची, पण सारख्या कसाच्या जमिनीचे वाफे लहान. सगळे वाण एका वाफ्यात मावत नाहीत. मग प्रत्येक दोन वाण सारख्याच वेळा एकाच वाफ्यात यावेत, अशी वाटणी कशी करायची? १९३९ मध्ये बोस यांनी सांत क्षेत्रे आणि सांत भूमिती यांच्या साहाय्याने अशा संतुलित रचना उभारण्याच्या पद्धती मांडल्या. त्याच वर्षी के. आर. नायर यांच्यासह त्यांनी अंशतः संतुलित रचनांची कल्पना पुढे आणली. तीत वाणांच्या जोड्यांचे ठरावीक प्रकार पाडले जातात आणि एका प्रकारच्या सर्व जोड्या सारख्याच वेळा एकत्र येतात.

कोलकाता विद्यापीठाच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुखपद भूषवल्यानंतर १९४९ मध्ये बोस अमेरिकेत चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले. प्रशासनात गुंतून पडायचे की संशोधन करायचे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले हे उत्तर होते. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवणाऱ्यांत एक मराठी नाव होते : शरदचंद्र शंकर श्रीखंडे. नागपुरात शिकलेल्या श्रीखंडे यांनी पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा १९७८ पर्यंत सांभाळली. २०२० मध्ये वयाच्या १०२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९५९ हे गुरु-शिष्यांचे वर्ष ठरले. परस्परपूरक लॅटिन चौरसांच्या जोड्या ६, १०, १४, २२ अशा आकारांत असूच शकत नाहीत, असा तर्क ऑयलरने १७८२ मध्ये मांडला होता. बोस व श्रीखंडे यांनी २२ आकाराची जोडी तयार केली, अर्नेस्ट पार्कर यांनी १० आकाराची. आणि तिघांनी मिळून ६च्या पुढे हा तर्क सर्वत्र खोटा ठरवला. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

पुढच्याच वर्षी बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी त्रुटिसुधारक संकेतांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. किती चुका दुरुस्त व्हायला हव्यात हे आधी ठरवायचे आणि सांत क्षेत्राच्या आधारे तसा संकेत रचायचा, ही त्यातील किमया. फ्रान्सचे अलेक्सी ओकेंगम यांनाही १९५९ मध्ये स्वतंत्रपणे हेच सापडले होते. म्हणून तिघांची आद्याक्षरे नावात आली.

१९६३ मध्ये बोस यांनी शेतीच्या त्याच जुन्या रचनांमधून स्ट्राँगली रेग्युलर ग्राफ ही संकल्पना काढली. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचा हा आलेख. प्रत्येक बिंदूचे शेजारी सारखेच. जोडलेल्या कोणत्याही दोन बिंदूंचे सामाईक शेजारी एका ठरावीक संख्येचे आणि न जोडलेल्या दोन बिंदूंचेही तसेच ठरावीक.

संकेत आणि हे आलेख यांचे नाते एका छोट्या उदाहरणातून दिसते. ०००, ०११, १०१, ११० यांपैकी कोणतेही दोन गट शेजारी शेजारी लिहिले की सहा अंकी १६ शब्द होतात. त्यांतील कोणतेही दोन शब्द २ किंवा ४ जागीच भिन्न असतात. दोनच जागी भिन्न असलेले शब्द रेषेने जोडले, तर प्रत्येकाला ६ शेजारी मिळतात आणि कोणत्याही दोघांचे सामाईक शेजारी नेमके २ असतात. हेच आकडे असलेला, पण घडण वेगळी असलेला आणखी एकच आलेख अस्तित्वात आहे, हे १९५९ मध्ये श्रीखंडे यांनी सिद्ध केले. तो आज श्रीखंडे आलेख म्हणून ओळखला जातो.

शब्दांमध्ये दोनच अंतरे असलेल्या रेषीय संकेतांतून असे आलेख कसे मिळतात, याचा सिद्धांत १९७२ मध्ये बेल्जियमच्या फिलिप डेलसार्त यांनी मांडला. पाठोपाठ त्यांनी संकेतशास्त्राची जी बैजिक मांडणी केली, तिचा पायाही बोस आणि डेल मेस्नर यांच्या १९५९च्या बीजगणितात होता.

सत्तरीत चॅपेल हिल सोडल्यावरही बोस थांबले नाहीत. कोलोरॅडो राज्य विद्यापीठात ते १९८० पर्यंत शिकवत राहिले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी फोर्ट कॉलिन्स येथे त्यांचे निधन झाले. वाफे, चौरस, संकेत आणि आलेख हे त्यांच्या लेखी चार विषय नव्हतेच. एकाच नियमबद्धतेची ती चार रूपे होती.