गुहेतले बिऱ्हाड



गुहेत राहिलेले संत म्हटले की आपल्याला सुबियाकोचे संत बेनेडिक्ट आठवतात. तीन वर्षे ते कड्यातल्या गुहेत एकटे होते. एक मठवासी वरून दोरीने भाकर सोडत असे. आपल्या मराठवाड्यातही एक थोर पुरुष गुहेत राहून गेले. त्यांची गुहा मात्र माणसांनी भरलेली असे.

चक्रधरस्वामी तेराव्या शतकातले. मूळचे गुजरातचे, भडोचच्या प्रधानाचे पुत्र, नाव हरपाळदेव. त्यांना जुगाराचा नाद होता हे अनुयायांनीही लपवले नाही, याचे आम्हाला विशेष वाटते. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले, रिद्धपूरला गोविंदप्रभू भेटले आणि परतीची वाट संपली. पुढे बारा वर्षे सालबर्डीच्या डोंगरात एकांतवास. (आपल्या नांदेड जिल्ह्यातले माहूर हेही या महानुभाव पंथाचे मोठे स्थान.)

मग ते माणसांत आले. वेरूळच्या लेण्यांत त्यांचा दहा महिने मुक्काम होता. औशाजवळची खरोशाची लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तिथला दगड जांभा, वेरूळचा काळा कातळ. लेणी कोरून कित्येक शतके लोटली होती. स्वामींनी तिथे बिऱ्हाड मांडले. बाइसा नावाची शिष्या त्यांच्या जेवणखाणाचे पाही.

स्त्रियांना त्यांनी संन्यास दिला. मासिक पाळीचा विटाळ मानला नाही. नाक वाहते तसाच तो देहधर्म, असे ते सांगत. साडेसातशे वर्षांपूर्वी! आपल्या काही घरांत आजही सुनेला त्या दिवसांत बाजूला बसवतात, मिस्सालाही येऊ देत नाहीत. घरभेटीत आम्ही हे पाहिले आणि गप्प राहिलो. ते चुकलेच.

जात पाहून त्यांनी कोणाला दूर लोटले नाही, आणि धर्म सांगितला तो मराठीत. वजनदार मंडळी बिथरली, छळ झाला. १२७४ च्या सुमारास ते उत्तरेकडे निघून गेले. महानुभाव बांधव त्यांचा मृत्यू मानत नाहीत.

मागे म्हाइंभट गावोगाव फिरले. ज्याने जे पाहिले-ऐकले ते विचारून लिहिले. तेच लीळाचरित्र, मराठीतला आद्य गद्यग्रंथ. मराठीची पहिली कवयित्री मानली जाणारी महदाइसा ही बालविधवाही स्वामींचीच शिष्या. गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यासाठी तिने रचलेले धवळे आजही अभ्यासले जातात.