जॉन ॲलन (रेल्वे-प्रतिकृतिकार)

जॉन व्हिटबी ॲलन (जन्म : जॉप्लिन, मिसूरी, अमेरिका, २ जुलै १९१३; मृत्यू : ६ जानेवारी १९७३) हे अमेरिकी छायाचित्रकार आणि रेल्वे-प्रतिकृतिकार होते. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील राहत्या घरात त्यांनी उभारलेली ‘गोरी अँड डिफीटेड’ ही काल्पनिक डोंगरी रेल्वे या छंदाच्या इतिहासात अतिशय प्रसिद्ध आहे. छोट्या प्रतिकृतींवर ऊन, पाऊस, गंज आणि काजळी यांच्या खुणा रंगवण्याच्या तंत्राला ‘वेदरिंग’ म्हणतात. या तंत्राचे आद्य प्रवर्तक म्हणून ॲलन यांचे नाव घेतले जाते.

कारकीर्द

ॲलन हे व्यवसायाने छायाचित्रकार होते. १९४६ च्या सुमारास त्यांनी पहिली लहान रेल्वे उभारली. १९४० च्या दशकापासून त्यांचे लेख व छायाचित्रे या छंदाला वाहिलेल्या अमेरिकी मासिकांतून प्रसिद्ध होऊ लागली. प्रतिकृती तयार करणाऱ्या व्हार्नी या कंपनीच्या जाहिरातींसाठीही त्यांनी छायाचित्रे काढली. जवळची व दूरची वस्तू सारखीच स्पष्ट दिसावी म्हणून ते अतिसूक्ष्म छिद्रातून छायाचित्रण करीत. त्यामुळे वीतभर दृश्यही खऱ्या दरीसारखे भासे.

गोरी अँड डिफीटेड

रेल्वेच्या नावात श्लेष आहे. ते मुद्दाम विचित्र रीतीने लिहिलेले असून मोठ्याने वाचल्यास ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ या अर्थाचे इंग्रजी शब्द ऐकू येतात. १९५० च्या दशकात घराच्या तळघरात तिच्या भव्य रूपाचे काम सुरू झाले आणि मूळची लहान रेल्वे तिच्यातच सामावून घेण्यात आली. जमिनीपासून छताकडे चढत जाणारे डोंगर, जागा वाढल्याचा भास देणारे आरसे आणि दूर दिसावेत म्हणून मागे ठेवलेले अधिक लहान आकाराचे देखावे ही तिची वैशिष्ट्ये होत. रुळांवर डबे ओढणारा ‘एमा’ नावाचा स्टेगोसॉरस हा ॲलन यांच्या विनोदबुद्धीचा नमुना होय. मित्रमंडळी जमवून खऱ्या रेल्वेप्रमाणे मालवाहतूक चालवणे हाही या उपक्रमाचा भाग होता. त्यांनी रचलेले ‘टाइमसेव्हर’ हे डब्यांच्या अदलाबदलीचे कोडे आजही खेळले जाते.

अरुंदमापी वाघीण आणि तिचे वय

ही रेल्वे १:८७ या प्रमाणात होती, म्हणजे खऱ्या एका फुटासाठी ३.५ मिलिमीटर. मुख्य मार्गाच्या रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असे. तिला जोडलेल्या अरुंदमापी (नॅरोगेज) मार्गासाठी, अमेरिकेच्या डोंगराळ भागातील तीन फुटी रेल्वेप्रमाणे, हे अंतर १०.५ मिलिमीटर होते. या प्रमाणात तीस फूट लांबीची लाकडी वाघीण जेमतेम १०५ मिलिमीटर भरते.

अशी वाघीण तयार संचाविना बनवायची, तर लाकडाच्या पातळ पट्ट्या कापून फळी फळी जोडावी लागते. तळाशी ताणसळ्यांसाठी तार ओवावी लागते, तसेच शिडीच्या पायऱ्या व ब्रेकचे चाकही वेगळे घडवावे लागते. मात्र एवढे करूनही नवी वाघीण खेळणेच वाटते. वेदरिंगचे काम तेथून सुरू होते. पातळ रंगाचा हात आणि खडूची पूड यांनी छतावर इंजिनाची काजळी, खालच्या कडेला मार्गावरील धूळ, लोखंडी बिजागऱ्यांखाली गंजाचे ओघळ आणि दाराजवळ हाताळणीने विटलेला रंग दाखवला जातो. प्रत्येक डागाला कारण असावे लागते, कारण नसलेला डाग केवळ मळ दिसतो.

त्या काळी प्रतिकृती चकचकीत ठेवण्याकडे कल असताना ॲलन यांनी इंजिने, डबे व इमारती वापरातल्या, झिजलेल्या दाखवल्या. त्यामुळे प्रतिकृतीत वस्तूच्या आकाराबरोबर तिने केलेल्या कामाचा इतिहासही दिसू लागला. ॲलन यांचे महत्त्व येथे आहे.

मृत्यू आणि आग

६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन यांचे निधन झाले. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच त्यांच्या घराला आग लागली आणि रेल्वेचा बहुतांश भाग नष्ट झाला. कित्येक वर्षे खपून कृत्रिम जुनेपण दिलेल्या या वस्तूंना स्वतःचे खरे म्हातारपण लाभले नाही.

वारसा

मागे राहिली ती मुख्यतः छायाचित्रे आणि लेख. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे माजी संपादक लिन वेस्टकॉट यांनी त्यांच्या आधारे ॲलन यांच्या कार्यावर पुस्तक लिहिले. ते वेस्टकॉट यांच्या निधनानंतर, १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिकृतीवर गंज आणि धूळ रंगवणे ही आज या छंदातील रूढ गोष्ट झाली आहे. ॲलन यांची रेल्वे प्रत्यक्ष न पाहिलेले कारागीरही त्यांच्या छायाचित्रांवरून हे तंत्र शिकत आले आहेत.