जनावरांचा व्यापारी : कार्ल हागेनबेक

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून द्यावे, असे आमच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी सुचवलेले नाव ऐकून त्या क्षणभर गप्पच झाल्या. आपल्या स्मरणिकेत आजवर संत आले, समाजसुधारक आले, देशभक्त आले. जर्मनीतल्या एका जनावरांच्या व्यापाऱ्याचे इथे काय काम, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. म्हणून कारण आधी सांगते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मंडळाने मुलांना सर्कशीला नेले होते. झोके झाले, सायकलींच्या कसरती झाल्या, विदूषक झाला. पण घरी येताना मुले हिरमुसलेली होती. वाघ-सिंह का नव्हते, हा एकच प्रश्न. त्यावरून पुढच्या शनिवारी आम्हां बायकांतच जुंपली. वेळेवर खाऊपिऊ घालून, न मारता, मायेने जनावरे सांभाळली तर त्यात वाईट काय, असे निम्म्या जणींचे म्हणणे पडले. खरे सांगायचे तर मीही त्याच निम्म्यांत होते. त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी कार्ल हागेनबेक यांच्या चरित्रापाशी पोहोचले. कारण हाच प्रश्न ह्या गृहस्थांच्या सबंध आयुष्याला व्यापून राहिलेला दिसतो.

हागेनबेक यांचा जन्म १० जून १८४४ रोजी हॅम्बुर्ग बंदरात झाला. वडील मासळीचे व्यापारी. १८४८ साली त्यांच्या कोळ्यांच्या जाळ्यात सहा सील सापडले. वडिलांनी ते लाकडी टबांत ठेवले आणि चार पैसे घेऊन लोकांना दाखवले. गर्दी लोटली. चार वर्षांच्या कार्लने ते पाहिले, आणि मासळीच्या दुकानाला जनावरांच्या व्यापाराचा फाटा फुटला तो तिथे. मुलाचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. पण पिंजऱ्यातले जनावर कशाने खाते आणि कशाने खंगते, हे त्याला पुस्तकावाचून कळू लागले. १८६६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, व्यापाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

पुढल्या काही वर्षांत युरोपातली प्राणिसंग्रहालये आणि सर्कशी त्यांच्याकडून हत्ती, जिराफ, सिंह विकत घेऊ लागल्या. अमेरिकेचे सुप्रसिद्ध सर्कसवाले बार्नम हेही त्यांचे गिऱ्हाईक होते. १८७० साली ते सुवेझला गेले. लोरेन्झो काझानोव्हा नावाच्या प्रवाशाने आफ्रिकेच्या अंतर्भागातून जनावरांचा मोठा तांडाच आणला होता आणि तो स्वतः आजाराने अंथरुणाला खिळला होता. त्या तांड्याबरोबर दुभत्या शेळ्यांचा एक कळप होता. लहान जिराफांना आणि पिल्लांना दूध पाजण्यासाठी त्या आणलेल्या. दूध आटले की तीच शेळी सिंह-तरसांच्या पुढ्यात जाई. ही हकीकत वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. पिल्लांना शेळीचे दूध का लागावे, हा विचार माझ्या मनात आला. त्यांच्या आया कुठे होत्या? उत्तर कठीण नव्हते. मोठे जनावर पकडून आणणे अवघड, म्हणून पिल्ले धरीत. आणि आई पिल्लाला सोडीत नाही, म्हणून पुष्कळदा आधी आईला मारीत. धरलेली कित्येक पिल्ले वाटेतच दगावत. हागेनबेक यांना हे ठाऊक होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाही.

आता त्यांची दुसरी बाजू सांगते. त्या काळी सर्कशीतली हिंस्र जनावरे शिकवीत ती मारून. चाबूक, सोटा, लोखंडाच्या तापलेल्या सळया ही शिकवणाऱ्याची आयुधे. सिंहाच्या मिशा होरपळलेल्या, तोंडाला डाग दिलेले, अशी जनावरे हागेनबेक यांच्या दृष्टीस पडत. त्यांना ते सहन होईना. शिवाय त्यांची व्यवहारी बुद्धी त्यांना सांगत होती की, भ्यालेले जनावर शिकत नाही, ते फक्त संधीची वाट पाहते. १८८७ साली त्यांनी स्वतःची सर्कस काढली आणि शिक्षणाची नवी रीत सुरू केली.

ती रीत आपल्यासारख्या मुले वाढवलेल्या बायकांना पटकन समजेल. प्रत्येक जनावराचा स्वभाव वेगळा, हे त्यांनी पहिले सूत्र धरले. कोणते तापट, कोणते शांत, कोणते भित्रे, हे दिवसचे दिवस पाहायचे. आणि ज्याला शिकण्याची आवड नाही त्याला तसेच सोडायचे. एका वेळी घेतलेल्या एकवीस सिंहांतून त्यांना फक्त चार शिकवण्याजोगे वाटले. मग रोज ठरल्या वेळी थोडाच वेळ पाठ, एकच माणूस, तोच आवाज, आणि जमले की मांसाचा तुकडा. वेगवेगळ्या जातींची पिल्ले एकत्र वाढवली तर मोठेपणीही एकमेकांना सांभाळून घेतात, हेही त्यांनी दाखवले. १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे सिंह, वाघ आणि बिबटे एकाच रिंगणात बसलेले पाहून लोक थक्क झाले. चाबकाऐवजी मायेची ही रीत पुढे जगभर पसरली. आपल्या पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे अमेरिकेच्या मोठ्या सर्कशीत नावाजले गेले, तेही ह्याच वळणाचे शिक्षक.

हागेनबेक तेवढ्यावर थांबले नाहीत. गजांमागे फेऱ्या घालणारा सिंह त्यांना बघवत नव्हता. गज नसलेले प्राणिसंग्रहालय करायचे त्यांनी ठरवले, आणि १८९६ साली त्या कल्पनेचे पेटंटही घेतले. कोणते जनावर किती लांब व किती उंच उडी मारते हे आमिष टांगून मोजून पाहिले, आणि त्याहून रुंद खंदक खणून पलीकडे जनावरांना मोकळे सोडले. स्विस शिल्पकार उर्स एगेनश्विलर यांनी कृत्रिम खडक उभारले. उष्ण देशातल्या जनावरांना कोंदट, तापवलेल्या खोल्यांत डांबू नये. आडोसा दिला तर मोकळ्या हवेत ती थंडीही सोसतात, हेही त्यांनी सिद्ध केले. ७ मे १९०७ रोजी हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगन येथे हे प्राणिसंग्रहालय उघडले. आज जगात कुठेही खंदकापलीकडे मोकळा सिंह दिसला तर त्याचे मूळ इथे आहे.

इतके वाचून मी मनोमन त्यांना हात जोडले होते. पण चरित्र लिहायचे तर सगळेच लिहायला हवे. ह्याच हागेनबेक यांनी १८७४ पासून दूरदेशची माणसेही प्रेक्षकांपुढे मांडली. प्रथम उत्तरेकडचे सामी लोक रेनडियरसह आले. मग इतर आले. १८८० साली लॅब्राडोरहून आठ इन्युइट माणसे आणली. त्यांत अब्राहम नावाचा एक शिकलेला गृहस्थ होता. बरोबर त्याची बायको, चार वर्षांच्या आतली मुलगी आणि अंगावरचे मूल. त्यांना देवी टोचायच्या राहून गेल्या. युरोपात पाऊल ठेवल्यावर काही महिन्यांत देवीची साथ त्यांना भोवली, आणि जानेवारी १८८१ संपण्यापूर्वी आठच्या आठ माणसे मरण पावली. सिंहाच्या होरपळलेल्या मिशा पाहून ज्याचे मन द्रवले, त्याच्याकडून हे झाले. हागेनबेक दुष्ट नव्हते. जे आपल्या ताब्यात आले त्याला चांगले ठेवावे, हे त्यांना उत्तम कळत होते. पण ते ताब्यात का घ्यावे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला पुरेसा विचारला नाही, असे मला वाटते.

त्यांच्या खात्यावर एक चांगली नोंदही आहे. १९०१ साली त्यांच्या माणसांनी मंगोलियाकडून प्रझेवाल्स्की जातीच्या रानटी घोड्यांची २८ शिंगरे हॅम्बुर्गला आणली. त्या शिंगरांना पाळीव घोड्यांनी दूध पाजून जगवले होते. पुढे १९६० नंतरच्या दशकात ही जात रानातून नाहीशी झाली. प्राणिसंग्रहालयांतून जी वाचली, तिच्या पूर्वजांत त्या खेपेतली शिंगरे होती. आणि १९९२ पासून त्यांचे वंशज मंगोलियाच्या माळावर पुन्हा सोडण्यात आले. तेव्हा बंदिवास नेहमीच वाईट असेही म्हणता येत नाही. बंदिवास कोणाच्या भल्यासाठी, जनावराच्या की आपल्या, एवढेच पाहायचे.

१४ एप्रिल १९१३ रोजी हागेनबेक हॅम्बुर्गला वारले. मुलांनी काम पुढे चालवले. त्यांचे प्राणिसंग्रहालय आजही तिथे आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारने १९९८ साली अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यास बंदी घातली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मुलांना सर्कशीत सिंह दिसला नाही त्याचे कारण हे. मी लहान असताना एका सर्कशीच्या तंबूमागे वडिलांबरोबर गेले होते. तिथल्या पिंजऱ्यातल्या सिंहाला वळायलाही जागा नव्हती. तो नुसती मान इकडून तिकडे हलवीत होता. मी वडिलांना त्याचे कारण विचारले, आणि ते मला काही न सांगता पुढे घेऊन गेले. त्या दिवशीचा खेळ मला आठवत नाही, ती मान आठवते.

शेवटी माझी एक कबुली. आमच्या घरी सासूबाईंच्या वेळेपासून एक पोपट होता. हिरवी मिरची, भिजवलेली डाळ, पेरूची फोड, मी त्याला काही कमी पडू दिले नाही. उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओले फडके टाकायचे, थंडीत कांबळे. तो माझ्या हातून अकरा वर्षे खाल्ल्यावर गेला, तेव्हा मी रडले. पण त्याला ढोलीतून कोणी काढले, त्याच्या आईचे काय झाले, हे त्या अकरा वर्षांत माझ्या मनातही आले नव्हते. आपल्या देशातला पोपट पाळणे कायद्याने गुन्हा आहे, हेही मला फार उशिरा कळले.

म्हणून शनिवारच्या त्या वादात मी आता बाजू बदलली आहे. माया हवीच, जी जनावरे आज बंदिवासात आहेत आणि रानात परत जाऊ शकत नाहीत, त्यांना तर हागेनबेक यांच्या रीतीनेच सांभाळावे. पण नवे जनावर केवळ आपल्या करमणुकीसाठी आणायचे असेल, तर मायेच्या आधी तो दुसरा प्रश्न विचारावा. पुढच्या सुट्टीत मुलांना पहाटे तळ्यावर पक्षी दाखवायला न्यावे, अशी माझी मंडळाला सूचना आहे. डबे करायचे काम मी घेते.